शटरआडचा ठोक्या

बिबवेवाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये यास्मिन रक्त काढायचं काम करते. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग लागते, आणि त्या रांगेत असा एखादा हटकून असतो की सुई दिसताच त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. अशी माणसं लॅबवाले मुद्दाम यास्मिनच्या खुर्चीकडे पाठवतात. तिच्याकडे जादू वगैरे काही नाही. ती एवढंच म्हणते, "घाबरा की बिनधास्त. घाबरायला कुणी बंदी केलीय? फक्त हात हलवू नका." माणूस ओशाळून हसतो, आणि तेवढ्यात नळी भरलेली असते.

मध्यंतरी तालमीतला एक गडी आला होता. दंड असे की बांधायचा पट्टा पुरेना. सुई टोचायच्या आधीच डोळे गच्च मिटून तो म्हणाला, "ताई, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही का हो?"

"वाटते ना," यास्मिन म्हणाली. "तांब्याच्या भांड्यावर हातोडा पडल्याच्या आवाजाची."

गड्याला वाटलं, बाई चेष्टा करतेय. बाई अजिबात चेष्टा करत नव्हती.

ही भीती तिनं कमावली ती कसबा पेठेत, लग्नाआधी. तांबट आळीच्या तोंडाशी तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पायरीवर उभं राहावं लागे. वर राहती खोली. वडील गेल्यावर दुकान आलं तिच्या भावाकडे, मन्सूरकडे. मन्सूर तिच्याहून सात वर्षांनी मोठा. घड्याळांत त्याचं मन कधीच रमलं नाही. शतक सरत आलं होतं, पेठेतल्या पोरांना नवं वेड लागलं होतं, ते त्यानं बरोबर हेरलं. भिंतीवरची घड्याळं उतरवून त्यानं तीन जुने टीव्ही आणि तीन करड्या रंगाची यंत्रं मांडली, आणि पेठेतलं बहुधा सगळ्यात अंधारं व्हिडिओ गेम पार्लर सुरू झालं.

मन्सूरला पाट्या लिहायचा भारी नाद. अक्षर वळणदार आणि मजकूर तिखट. पहिल्याच दिवशी दारात पाटी लागली, "बटणं दाबावीत, ठोकू नयेत. ठोकण्यासाठी शेजारी तांबट आहेत." शेजारचे तांबट म्हणजे बापूराव. पन्नाशीचे, अंगात बंडी, मांडीशी घडवायला घेतलेलं एखादं भांडं, आणि बोलणं कायम तिरकं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाटी सावकाश वाचली आणि "शुद्धलेखन बरं आहे," एवढाच अभिप्राय देऊन ते पुन्हा ठोकायला बसले.

पार्लर दुपारी एक ते चार बंद असे. दुपारी उघडं दुकान म्हणजे मालकाला घरी कुणी जेवायला वाढत नाही, असाच पेठेत समज. मन्सूर शटर अर्ध्यावर ओढायचा आणि यास्मिन वरून त्याचं ताट घेऊन खाली यायची. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, सकाळी लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जायची आणि दुपारी रिकामी असायची. अशाच एका दुपारी तिच्या हाताला ती सीडी लागली.

मन्सूरनं फुटपाथवरून उचललेल्या ढिगात ती आली होती. वर झेरॉक्सचा कागद, त्यावर एका डोंगरावरचा प्रचंड मोठा दवाखाना आणि फाटकाशी उभी असलेली एक मुलगी. आतली सगळी अक्षरं जपानी. पेठेतल्या पोरांनी ती एकदा लावून पाहिली होती आणि पाच मिनिटांत परत केली होती. त्यांचं म्हणणं, यात मारामारीच नाही, नुसतं चालायचं. ते खरंच होतं. त्या मुलीकडे पिस्तूल होतं पण गोळ्या चारदोनच. औषधाच्या हिरव्या बाटल्या मिळत, त्याही मोजक्या. रिकाम्या दवाखान्यात, काळोख्या व्हरांड्यांतून, एकेक किल्ली शोधत तिला बाहेर पडायचं होतं. ती धावली तरी फार धावत नसे. तिला धाप लागे.

यास्मिनला ही मुलगी पाहताक्षणी आवडली. कोर्समधल्या एका मैत्रिणीसारखी दिसते म्हणून तिनं तिचं नाव ठेवलं सुमन. घरात यास्मिनला लहानपणापासून सगळे सांगत आले होते, घाबरू नकोस, रडू नकोस, मोठी झालीस. इथे घाबरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. जी घाबरून दारामागे थांबते तीच वाचते, आणि जी फुशारकी मारत व्हरांड्यात शिरते तिचा निकाल लागतो. यास्मिन ताट भावापुढे सरकवायची आणि बटणांचं पॅड हातात घ्यायची. मन्सूर जेवता जेवता घास हातातच धरून बसायचा.

मन्सूर दिसायला आडदांड, पण या बाबतीत अगदीच भित्रा. म्हणून दोघांची कामं आपोआप वाटली गेली. खेळायचं यास्मिननं, आणि नकाशा काढायचा मन्सूरनं. कागद हरवतात म्हणून त्यानं तो थेट मागच्या भिंतीवर काढायला घेतला, पेन्सिलीनं, एकेक खोली. नकाशा काढायचा म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाठ टीव्हीकडे, ही त्यातली खरी सोय. "काय झालं? मेली का?" असं तो भिंतीलाच विचारायचा.

त्या दवाखान्यात एक होता, जो कधी दिसत नसे. नुसता ऐकू येई. ठक्. ठक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक्, जरा जवळून. त्याचं नाव यांनी ठेवलं ठोक्या. ठोक्या आला की लपायचं, आणि अगदी पाठीशी आला तर वळून एक गोळी. उशीर झाला तर सुमन संपली. सगळा खेळ कानांवर चालायचा.

आणि इथंच सगळा घोळ होता. कारण भिंतीपलीकडे बापूराव. जेवून, एक डुलकी काढून, तीनच्या सुमाराला ते कामाला बसत. ठक्. ठक्. मग भांडं थोडं फिरवायचं, तोवर काही नाही. मग पुन्हा ठक्.

जगात हा गेम लाखो लोकांनी खेळला असेल, पण ठोक्या समजून शेजारच्या तांबटावर गोळ्या वाया घालवणारी ही दोघंच. बापूरावांनी हातोडा उचलला की यास्मिन गर्रकन वळून गोळी झाडायची. समोर रिकामा व्हरांडा. असं तीनदा झालं की पिस्तूल रिकामं. मग दोघं शहाणी व्हायची. आवाज आला की मन्सूर भिंतीला सांगायचा, "काही नाही, बापूकाका आहेत, चल पुढं," आणि नेमका त्या वेळी तो खराखुरा ठोक्या असायचा. यास्मिनची किंकाळी पार आळीत ऐकू जायची.

शेवटी मन्सूर बापूरावांकडे गेला. म्हणाला, "काका, दुपारचं जरा वेगळ्या ठेक्यात ठोकता का?"

बापूरावांनी हातोडा खाली ठेवला. "माझ्या बापानं मला हाच ठेका शिकवला. त्याच्या बापानं त्याला. तुझं भूत कालपरवा आलंय. त्याला सांग बदलायला."

मग नियम ठरला. एक ते तीन खेळायचं, आणि भिंतीपलीकडून पहिला ठोका पडला की सुमनला एखाद्या सुरक्षित खोलीत नेऊन उभं करायचं. उभंच करायचं, कारण सेव्ह करायची सोय नव्हती. दवाखान्यात जागोजागी कंदील होते, तिथे खेळ जपून ठेवता येत असावा. पण त्या सीडीवर कंदिलाला हात लावला की यंत्र गोठून जायचं. बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून ते यंत्र बंदच करायचं नाही असं ठरलं. टीव्ही तेवढा मालवायचा, यंत्रावर टेबलफॅन सोडायचा, आणि पोरांनी हात लावू नये म्हणून मन्सूरची पाटी, "मशीन बंद आहे." दुकानात एकच मशीन कधी बंद नसे, त्याच्यावर ही पाटी.

पण गुरुवारचं काय करणार? पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी वीज आली की फाटकापासून सुरुवात, आणि पुढच्या गुरुवारी सकाळी सुमन जिथे असेल तिथे काळोखात गडप. दर गुरुवारी यास्मिन अम्मीवर, विजेच्या खात्यावर आणि नशिबावर एकदमच चिडायची. पण संध्याकाळी पुन्हा फाटकाशी उभ्या असलेल्या सुमनला पाहून तिला आतून उकळ्या फुटायच्या, हेही खरं. सगळ्या वाटा तिला तोंडपाठ होत चालल्या होत्या. दर आठवड्याला दोघं थोडी पुढं जात होती आणि भिंतीवर एकेक खोली वाढत होती.

लग्न ठरलं तेव्हा नकाशात एकच दार उरलं होतं. तळघराच्या टोकाचं, लोखंडी चाकाचं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, हाताला मेंदी लागायच्या आधी, यास्मिननं सुमनला त्या दारापाशी आणून उभं केलं. तेवढ्यात वरून हाका सुरू झाल्या. "शेवट उद्या बघू, निकाह झाला की लगेच," मन्सूर म्हणाला. गुरुवारला अजून अवकाश होता. पण गुरुवारच्या आधी नवऱ्याकडचा एक मामा आला. त्याला शेरवानीला इस्त्री करायची होती. दुकानात सॉकेट शोधलं, पाटीवर वाचलं मशीन बंद आहे, आणि बंद मशीनची पिन काढून तिथे इस्त्री लावली.

विदाईच्या वेळी यास्मिन इतकी रडली की आळीतल्या बायकाही डोळे पुसू लागल्या. माहेर सुटल्याचं रडू त्यात होतंच, पण अर्धं सुमनचं होतं, हे फक्त मन्सूरला कळलं. रिक्षाशी वाकून तो तिच्या कानात म्हणाला, "मी एकटा बघणार नाही. शप्पथ." बापूराव पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "जा पोरी. आता तरी मला शांतपणे ठोकू दे." त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

मग वर्षं गेली, जशी जातात. यास्मिन बिबवेवाडीत स्थिरावली. शहेजाद झाला, तिची नोकरी सुरू झाली. पार्लरचं सायबर कॅफे झालं, मग मोबाईलची कव्हरं आणि दुरुस्ती. मन्सूरचं बिलकिसशी लग्न झालं, त्यानं कात्रजला घर केलं, पण दुकान कसब्यातच. अम्मी गेली, वरची खोली सुटली. अधूनमधून, कामाच्या घाईत, यास्मिनचा फोन वाजायचा आणि मन्सूर नमस्कार चमत्कार न करता विचारायचा, "सुमन कशी आहे?"

"आहे. दारात उभी आहे."

एवढंच. मग फोन बंद. कधी तिच्याकडून फोन, कधी त्याच्याकडून. अम्मी दवाखान्यात होती त्या दिवसांतही झालेला, शहेजाद दहावी पास झाला तेव्हाही झालेला.

शहेजाद मोठा होऊन हिंजवडीला आयटीत लागला. त्याला हे सगळं अगम्य वाटे. "अम्मी, यूट्यूबवर कोणत्याही गेमचा एंडिंग असतो. टू मिनिट्स. मी शोधून देऊ?" यास्मिन त्याच्याकडे अशी बघायची की पोरगा फोन खिशात घालायचा. शपथ मन्सूरनं घेतली होती, पण ती दोघांना लागू होती. त्या शपथेपायी चोवीस वर्षं दोघांपैकी कुणी शेवट पाहिला नाही.

यंदा दिवाळीनंतर मन्सूरचा फोन आला. सुमनची चौकशी नाही, काही नाही. "यास्मिन, इमारत पाडतायत. बुधवारी दुकान रिकामं करून द्यायचंय. कात्रजला नवं बघितलंय, मोठं आहे. आज मागचं रॅक काढलं." मग म्हणाला, "नकाशा आहे गं भिंतीवर. सगळाच्या सगळा."

कात्रजला भावाचं घर होतं, बिलकिसभाभी मायाळू होती, जेवल्याशिवाय सोडायची नाही. पण तिथे यास्मिन पाहुणी असायची. चांगले कप निघायचे. कसब्यातल्या त्या बोळकांडीत ती शटरखालून वाकून आत शिरायची, भावाच्या पुढ्यातलं भजं उचलायची, आणि कुणी तिला बस म्हणत नसे. अम्मी गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तेवढी जागा उरली होती. ते जायच्या आत शेवट एकत्र बघायचा, मग काय व्हायचं ते होवो, असं तिनं फोन ठेवायच्या आतच ठरवून टाकलं.

"यंत्र आहे?"

"माळ्यावर आहे. सीडी पण."

"शुक्रवारी दुपारी येते. लॅब बारापर्यंत."

यंत्र सुरू झालं पण सीडी वाचेना. सीडी वाचणारा आतला डोळा म्हातारा झाला होता. मन्सूरनं जुन्या काळची युक्ती काढली आणि यंत्र सरळ पालथं घातलं. पालथं घातल्यावर ते कुरकुरलं, आणि टीव्हीवर डोंगर आला, फाटक आलं, सुमन आली. मग यास्मिन म्हणाली, "कोट किती मळलाय हिचा," आणि दोघं हसायला लागली ती थांबेनात.

ते पाच दिवस यास्मिनच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. आता दोघांना चष्मे होते, आणि मधूनच खेळ थांबवून गुडघे सरळ करावे लागत. पण बोटांना वाटा आठवत होत्या. माशाच्या आकाराची किल्ली न्हाणीघरात, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मन्सूर जुन्या सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभा राही, बोटानं खोल्या दाखवी, आणि विचारी, "मेली का?" बिलकिस एकदा डबा घेऊन आली, दहा मिनिटं बसली, आणि ठोक्याचा आवाज ऐकताच "या अल्ला, तुम्ही बहीणभाऊ दुपारी हे करता?" म्हणत डबा न उघडताच निघून गेली. गुरुवारचा प्रश्न आता नव्हता. बुधवारी दुकानच नसणार होतं.

बापूरावांचा प्रश्न मात्र वाढला होता. पंच्याहत्तरी गाठलेले बापूराव आता कामापेक्षा वेळ घालवायला ठोकत. एक ते तीन हा हिशेब राहिला नव्हता. मनात येईल तेव्हा दोन ठोके, मग चहा, मग चार ठोके. शनिवारी यास्मिननं त्यांच्या पायी दोन गोळ्या घालवल्या. मंगळवारी तिसरी. "बापूकाका!" ती शटरखालून ओरडली.

"अजून मरत नाही का ते तुमचं?" पलीकडून आवाज आला. "इतक्या वर्षांत माणसाची दोन घरं बांधून होतात."

बुधवारी टेम्पो दारात उभा होता. शहेजादनं सुट्टी काढून सामान चढवायला घेतलं होतं. कव्हरांची खोकी गेली, काउंटर गेला, पंखा गेला. रिकाम्या दुकानात उरलं एक स्टूल, एक टीव्ही, पालथं यंत्र आणि भिंतीवरचा नकाशा. तळघराच्या टोकाला, लोखंडी चाकाच्या दारापाशी सुमन उभी होती. पिस्तुलात एक गोळी. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

चाक फिरवायचं तर बटण दाबून धरायचं. धरलं की चाक कण्हत कण्हत फिरायचं, आणि तेवढ्यात तो येणार हे उघड होतं. यास्मिननं बटण दाबलं. चाक पाव फिरलं. अर्धं फिरलं.

ठक्.

"बापूकाका, पाया पडते, आजच्या दिवस थांबा!" यास्मिन ओरडली. बटण सोडलं नाही.

ठक्. ठक्.

"भाई, बघ ना जरा! माझी एकच गोळी आहे!"

मन्सूर शटरखालून अर्धा बाहेर वाकला. पायरीवर बापूराव बसले होते. एका हातात चहाचा ग्लास, दुसरा हात मांडीवर. हातोडा कुठेच नव्हता.

"मी कधीचा थांबलोय," बापूराव म्हणाले. "टेम्पो आला तेव्हाच."

मन्सूरचा चेहरा उतरला. तो आत वळला, आणि ठोक्या आलेला असताना आयुष्यात पहिल्यांदा सरळ टीव्हीकडे बघत ओरडला, "यास्मिन! तोच आहे!"

ठक् एवढ्या जवळ आला की टीव्हीची काच थरथरली. यास्मिननं वळून गोळी झाडली. एक अमानुष कण्हणं, आणि काहीतरी अवजड खाली कोसळलं. तिनं परत चाक धरलं. ते पूर्ण फिरलं. दार उघडलं आणि पडदाभर पांढरा शुभ्र उजेड आला.

मन्सूर तिच्या शेजारी येऊन जमिनीवर बसला. शहेजाद हातातलं खोकं घेऊन तसाच उभा. बापूराव शटरखालून डोकं घालून बघत होते. पांढरं हळूहळू काळं झालं. काळं तसंच राहिलं. मग डोंगर आला, फाटक आलं, आणि फाटकाशी सुमन, पहिल्या दिवशीसारखी.

"हे काय?" मन्सूर म्हणाला. "शेवट?"

शहेजादनं खोकं खाली ठेवलं, सीडीचा डबा उचलून पाहिला आणि ओठ चावला. "मामू, ही डुप्लिकेट कॉपी आहे ना. त्या काळी जागा वाचवायला व्हिडिओ काढून टाकायचे. म्हणजे… एंडिंग या सीडीवर कधी नव्हताच. अम्मीच्या लग्नातल्या त्या मामानं पिन काढली नसती तरी हेच दिसलं असतं."

बापूराव म्हणाले, "म्हणजे बिनबुडाचं भांडं घेतलंस, आणि चोवीस वर्षं पाणी भरतोयस."

यास्मिनला आधी भयंकर राग आला. त्या फुटपाथवाल्याचा, त्या सीडीचा, मेलेल्या ठोक्याचाही. मग तिला तो शेरवानीवाला मामा आठवला, ज्याला ती दर ईदला मनातल्या मनात शिव्या देत आली होती, आणि तिला हसू फुटलं. मन्सूरही फुटला. दोघं रिकाम्या फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"फोनवर दाखवू? खरंच, आता तरी बघा," शहेजाद म्हणाला. यास्मिननं फोन घेतला. चोवीस वर्षांची हौस होती, नाही कशी म्हणणार? तिनं बोट लावलं. आधी कुठल्याशा साबणाची जाहिरात लागली. त्या जाहिरातीच्या वेळात तिनं भावाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. यास्मिननं फोन उलटा करून शहेजादच्या हातात दिला.

"मग मी फोन कशाला करायचा याला?" ती म्हणाली.

टेम्पो गेला. नकाशा भिंतीवरच राहिला, भिंत पुढच्या आठवड्यात गेली. यास्मिन लॅबमध्ये रक्त काढत राहिली, पण तिचं कशात लक्ष नव्हतं. सुमन कशी आहे, हा फोन आला नाही. तिनंही केला नाही. दारात उभी आहे म्हणायला आता दार कुठलं? एक ते चारची वेळ आली की तिला उगीच चुकल्यासारखं व्हायचं. घरी जाऊन ती भांडी घासायची, जरा जास्तच आवाज करून.

आणि एका दुपारी, ती हातमोजे काढत असताना, फोन वाजला.

"सुमन कशी आहे?" मन्सूर.

यास्मिननं उरलेला हातमोजा ओढून काढला. "तू सांग."

"फाटकाशी उभी आहे. तासभर झाला. तुझी वाट बघतेय."

कात्रजला रस्त्यावरची सगळी दुकानं भर दुपारी सताड उघडी होती. तिथे कुणी दुपारी झोपत नाही, गिऱ्हाईक सकाळपासून रात्रीपर्यंत वाहत असतं. एकाच दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं, आणि त्याच्यासमोर बिलकिस कमरेवर हात ठेवून उभी होती. "समजवा तुमच्या भावाला," ती यास्मिनला म्हणाली. "नवीन दुकान, ऐन गर्दीची वेळ, आणि हे शटर ओढून बसलेत. लोक हसतात." म्हणाली खरी, पण यास्मिनच्या हातात तिनं दोघांचा डबा दिला, आणि स्वतः घरी निघाली.

शटरवर ताजी पाटी होती. अक्षर तेच, वळणदार.

"दुकान दुपारी १ ते ४ बंद. कारण विचारू नये. बहीण आली आहे."

आतून आवाज आला. ठक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक्. इथे आसपास कुणी तांबट नव्हता. यास्मिननं पदर खोचला, डबा सांभाळला, आणि शटरखालून वाकून आत शिरली. नव्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून मन्सूर पेन्सिलीनं फाटक काढत होता.

"ये," तो भिंतीला म्हणाला. "लवकर पॅड घे. मला एकट्याला भीती वाटतेय."